साडेतीन वाव

वेंगुर्ल्याच्या कस्टमात मी तेहतीस वर्षं कारकून.
मिठाच्या गोणी, काथ्या, सुपारी, तूटफूट;
आणि दोन-तीन वर्षांतून एकदा
रवळू गिरप तांडेलाच्या नावाचं
अमेरिकेचं पाकीट.

रवळू पायरीवरच बसायचा.
आत ये म्हटलं तर, "पाय ओले आसत."
मी वाचायचो, इंग्रजीतून मराठीत, मराठीतून त्याच्या मालवणीत,
वाटेत सांडेल ते सांडेल.

प्रूइट साहेब. ह्याच्या तोंडी पिरूट.
श्रावण सरताना, वादळात भरकटून,
तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज घेऊन बंदरासमोर आला.
हा होडीतून दोरीने वर चढला,
शिशाचा ओळंबा सोडत, बुडाच्या चरबीला चिकटलेली वाळू
जिभेवर ठेवून पारखत
रात्रभर, म्हातारीच्या खडकाला वळसा घालून,
त्याला आत आणलं.

तेव्हा साहेब लेफ्टनंट.
"म्हंजे केवढो?"
हवालदाराहून मोठा, कलेक्टराहून लहान.
मग कँटनहून पत्र: ताप, पगार थकलेला.
मग व्हालपरायझो.
मग त्यांची आपसातली लढाई,
सख्खा भाऊ समोरच्या बाजूला मेला,
आणि साहेब कमांडर.
रवळूने भावाचं नाव विचारलं. पत्रात नव्हतं.
मग कॅप्टन. मग कमोडोर;
हा शब्द मला कोशातही मिळेना,
मी ठोकून दिलं, दर्यासारंग.
त्या संध्याकाळी माझ्या घरी बांगडे आले.

शेवटच्या पत्रात अक्षर उतरंडीला लागलेलं.
पेन्शन. गुडघे. खिडकीतून नदी दिसते, समुद्र नाही.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
त्या रात्रीच्या रिपोर्टात मी लिहिलं, खोली मी मोजली.
माझी बढती तिथून सुरू झाली.
नकाशात त्या खडकाला माझं नाव आहे, चार वाव.
तांडेलाचं काय म्हणणं पडतं, कळवावं.

मी थांबलो. हे सांडता आलं असतं.
वाचलं.

रवळू नखातलं डांबर काढत होता.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"चार नाय. साडेतीन.
तेका लिव. कोणाचां तरी भरलेलां तारू फुटात.
नाव र्‍हवांदे."

तेवढंच लिहिलं. वर काय घालावं, सुचलं नाही.
उत्तर आलं नाही.

चार वर्षांनी नवा नकाशा कचेरीत आला,
मेणकापडात, कडा भिजलेल्या.
भिंग लावून पाहिलं.
नाव तेच, साहेबाचं.
शेजारी मुंगीएवढा आकडा, साडेतीन.

नकाशा गुंडाळून गाबितवाड्यात गेलो.
सून जाळं उसवत होती. मान वर न करता म्हणाली,
"म्हातारीर गेलेत, गोबऱ्यांका."
ह्या वयात?
"ओहोट बरी आसा म्हणान."

नकाशा तिच्याकडे दिला नाही.
काखेत धरून वाळूत बसलो,
पाणी परत येऊन
पाय ओले होईपर्यंत.