गुरुवारी, बूट घालून

पत्राचा हा चौदावा खर्डा.
'आदरणीय' ठेवू की नुसतं 'नमस्कार'?
'आपला अमूल्य वेळ' खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
बेकरीतली रात्रपाळी संपवून आलेली मी, एनेकेन,
वय एकतीस, हातांना राईच्या पिठाचा वास,
तार्तूतल्या भाड्याच्या खोलीत
एका स्वल्पविरामाशी भांडत बसलेली.

पाठवलं, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.
आणि लगेच दिसलं :
प्राध्यापक बाईंच्या आडनावातलं एक अक्षर मी खाल्लंय.

अकरा दिवस.
अकरा दिवसांत मी काय काय नाही झाले,
आगाऊ, अडाणी, वय उलटून गेलेली,
पोटात गोळा घेऊन पाव तोलणारी बाई.
अकराव्या दिवशी उत्तर :
'बघू. गुरुवारी या, बूट घालून. हेल्वे सारनीत.'

बघू.
या एका शब्दाला किती खोल्या असतात!
सगळ्या दारांवर थाप मारून आले,
आत कुणीच नव्हतं.

बूट म्हणजे मला वाटलं, नीटनेटक्या या.
बहिणीचे घातले, काळे, टाचांचे, तिच्या लग्नातले.
बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं,
डिकीतून गमबूट काढून पुढे केले,
दोन नंबर मोठे, एकाला ठिगळ.
बोलल्या काही नाहीत.
पुढे गाडीत चाळीस मिनिटं, तेव्हाही नाही.

मौन म्हणजे संमती, म्हणे.
आमच्या घरी मौन म्हणजे बाबा चिडलेत.
आई ताटल्या आवाज न करता ठेवायची,
मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजायचे
हवामान खात्यासारखी.
तेच चाललं होतं गाडीच्या आरशातून :
बाईंची भुवई, ओठांची कड, एक सुस्कारा.
पाठ करून आणलेली वाक्यं
एकेक करून उतरून गेली वाटेत.

मग दलदल.
फळ्यांची वाट, एका वेळी एकच माणूस मावेल अशी.
त्या पुढे, मी मागे,
आणि चेहरा गेला.
उरला हिरवा रेनकोट, खांद्याशी उसवलेला.
पाठीला आठ्या नसतात.
वाचायला काहीच नाही म्हटल्यावर
जीभ सुटली.

'तुम्ही गप्प असता,' मी रेनकोटला विचारलं,
'त्याचा अर्थ हो असतो की नाही?'

बर्चचं पान खाली यायला लागतो तेवढा वेळ गेला.
'त्याचा अर्थ, मी गप्प आहे.
नको असेल तर मी नको म्हणते.'
चार फळ्यांनंतर :
'आडनावाचं राहू द्या. बँकवालेही चुकतात.'

दोघींनी रेटून लोखंडी नळी खाली घातली.
वर आलं काळं, ओलं, हजारो वर्षांचं शेवाळ.
'वर्षाला एक मिलिमीटर साचतं,' त्या म्हणाल्या.
मी मनात माझे अकरा दिवस मोजले.
केसाच्या जाडीचेही भरले नाहीत.

'तुमच्या पत्रात चार परिच्छेद होते,
प्रश्न सापडला नाही. काय आहे प्रश्न?'

चौदा खर्डे,
आणि तोच घालायचा राहिला होता.

'राख,' मी म्हटलं. 'भट्टीत बर्चची राख, पाइनची राख
मला वासावरून कळते.
हजार वर्षांनी कशावरून कळेल?
कुणी शेतासाठी जाळलं, की रान आपणच पेटलं?'

बाई थांबल्या. वळल्या नाहीत.
'बघू,' म्हणाल्या,
आणि चष्मा कपाळावर सरकवून, वाकून,
नळीतल्या एका करड्या रेघेकडे
खरंच बघत राहिल्या.

परवा दुसरं पत्र धाडलं. तीन ओळी,
तिसरा खर्डा, आडनाव दोनदा तपासून.
उत्तर नाही अजून.
पोटात गोळा आहेच.
गोळ्याचं काय करायचं ते मला कामावर शिकवलंय :
ओल्या फडक्याने झाकायचा
आणि दुसऱ्या कामाला लागायचं.
फुगेल दुप्पट. फुगू दे.

गमबूट परत करायचे राहिलेत.
दाराशी उभे आहेत, चिखल वाळलेला.