पंचविसाचा कट्टा

पाण्याची पाळी नसली तरी
पावणेपाचला डोळा उघडतो.
हात उशाखाली जातो.
तिथं डबी नाही, हे डोक्याला ठाऊक आहे,
हाताला अजून कुणी कळवलेलं नाही.

चव्वेचाळीस वर्षं मिश्री.
चहाच्या आधी तव्यावर तंबाखू करपायची.
सासू म्हणायची, दात शाबूत राहतात.
तिचे सहाच उरले होते, तेव्हाही म्हणायची.

महापालिकेच्या दवाखान्यातल्या पोरीनं
टॉर्च लावून गालाच्या आत बघितलं
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
मग म्हणाली, नरसव्वा,
हा पांढरा डाग अजून डागच आहे,
तेवढ्यावर थांबवा.

थांबवा म्हणे!
दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पदराला तंबाखू, भाताच्या घासाला तंबाखू.
दुसऱ्यांच्या सवयी वळून वळून
अक्कलकोट रोडला दोन खोल्या झाल्या,
श्रीनिवास आयटीआय शिकला.
विहिरीत राहायचं
आणि तिचंच पाणी प्यायचं नाही,
असला हा उपास.

पहिले चार दिवस डोक्यात
टॉवेलचा कारखाना, तिन्ही पाळ्या चालू.
पोट तर संपावरच गेलं.
श्यामलानं गरम पाणी दिलं, त्यानं ते मिटलं.
पण बोट?
हिरडीवर फिरायची वेळ झाली की
ते कशावरही फिरायचं,
चादरीतल्या मोरावर, भिंतीच्या पोपड्यावर,
बसल्या जागी, हवेतसुद्धा.

हारिकानं बघितलं. तिसरीत आहे, नात माझी.
म्हणाली, अव्वा, फिरवायचंच तर न वर फिरव.
सुपात तंबाखूचा चुरा पसरून
तिनं न काढला.
त्याच तंबाखूत, बघा की.
मी वरून बोट ओढलं.
वास आला, तोंडाला पाणीही सुटलं,
पण बोट तोंडाकडं गेलं नाही,
रेघ कुठं वळवायची ते शोधत राहिलं.

दिवस मोजायला मला एकच मोजणी येते,
पंचवीस विड्यांचा कट्टा.
म्हणून पंचवीस दिवसांचा कट्टा धरला,
विडीच्याच लाल दोऱ्याला
रोज एक गाठ.

एकोणिसाव्या दिवशी अंबव्वा गेली.
तीस वर्षं माझ्यासमोर सूप घेऊन बसलेली.
रात्री तिच्या दारात बायकांत डबी फिरली,
माझ्यापाशी आली.
घेतली.
नाही म्हटलं असतं तर
तिच्यासाठी रडायचं नाकारल्यासारखं झालं असतं.

सकाळी दोरा तोडूनच टाकणार होते,
पण माल द्यायची वेळ झाली.
कारखान्यात चेकर बसलेला,
सैल तोंडाच्या विड्या उचलून
छाटात फेकत होता.
दहा गेल्या, बारा गेल्या.
उरलेल्या नऊशे अठ्ठ्याऐंशी
त्यानं पाटीत ओढल्या, माझ्या नावावर मांडल्या.
बारा विड्यांपायी
कुणी सूप उलटं करत नाही.

घरी येऊन दोऱ्यावर
बोटभर जागा मोकळी सोडली
आणि त्यापुढं गाठ मारली.

आता तिसरा कट्टा चालू आहे.
शनिवारी मजुरी घ्यायला गेले.
मुनीमानं वर न बघता
शाईचं पॅड माझ्या अंगठ्याकडं सरकवलं.
सवय त्याचीही जुनीच.
मी पॅड मागं सारलं, पेन मागितलं.

न.
र.
स.
मागची रांग गप्प झाली.
जोडाक्षराला मला घाम फुटला,
शेवटचा काना चौकट ओलांडून
शेजारणीच्या मजुरीत उतरला.

मुनीमानं चष्मा वर केला,
नाव बघितलं, मला बघितलं.
पुढच्या वेळी जरा लहान काढा, म्हणाला.

पुढच्या वेळी, असं म्हणाला तो.
जणू ठरलेलंच.