उष्टा पेरू

वेण्णेच्या काठाला, स्मशानाच्या अलीकडे
तीन अर्जुनसादडे आहेत.
पानांपेक्षा वाघळं जास्त.
चहाची फडकी पिळून टांगावीत तशी लटकतात,
दिवसभर भांडतात,
खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर मुततात.

आम्ही लहान होतो तेव्हा
वाघळानं खाल्लेला पेरू आधी कुणाला
यावरून झिंज्या धरायचो.
ते गोड तेवढंच खातं, आत्या सांगायची.
त्याच्या दातांची बाजू चावून थुंकायची
आणि उरलेला फ्रॉकला पुसून.

मग मोबाईलवर ते आलं.
ग्रामसभेत संपत चिकणे उभा राहिला,
फोन कपाळाच्या वर धरून:
"शंभरातली सत्तर मरत्यात. वाचून दावू का?"
नको, असं कुणी म्हणालं नाही.

मी गावची आशा.
गेल्या साथीतली नऊ नावं माझ्या वहीत आहेत,
पुढे बोटाला लावलेल्या चिमट्याचे आकडे:
एक्याऐंशी, चौऱ्याहत्तर, अडुसष्ट.
नववं आडनाव माझंच.
झाडं तोडा म्हणणाऱ्यांचे हात वर झाले
तेव्हा माझाही झाला.

तोडायच्या परवानगीचा कागद मेढ्यात अडकला.
तोवर पुण्याहून जाळी घेऊन माणसं आली.
त्यांतली तस्लीम मुजावर, मूळची मिरजेची,
मला म्हणाली, ताई, बॅटरी धरता का?
धरली.
जाळीतून तिनं एक सोडवलं.
कोल्ह्याच्या पिल्लाचं तोंड,
डोळ्यांत माझी बॅटरी दोनदा.
पंखाखाली काही तरी हललं.
पिल्लू होतं, काखेला चिकटलेलं.
तिनं दोघांना झोळीत घालून काट्याला लावलं,
मी अंगणवाडीत बाळं लावते
अगदी तशा काट्याला,
आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं,
"वजन बरं आहे."

तोंडात काडी फिरवली, नळीत घातली, नंबर टाकला.
आहे का काही? मी विचारलं.
असेल. नसेलही. रिपोर्टला वेळ लागतो.
पण हाकलू नका यांना.
भ्यालेलं, उपाशी जनावर
पोटातलं जास्त सांडतं बाहेर.

हे मी गावात सांगितलं.
मी सांगितलं तेव्हा लोक
माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत होते,
हाच हात वर झाला होता ना?

शनिवारी रात्री कुणाच्या तरी लग्नातले
उरलेले सुतळी बॉम्ब निघाले.
आभाळ फाटल्यासारखं वर गेलं सगळं,
स्मशानाच्या पत्र्यावरून, देवळावरून,
आणि बराच वेळ
कुणालाच खाली बघायचं सुचलं नाही.

सकाळी झाडाखाली पिल्लं.
काही कुत्र्यांनी नेली होती.
गेल्या साथीतले हातमोजे होते घरी,
तारीख उलटलेली;
तेच घातले.
खड्डा घेतला, ब्लीचिंग पावडर टाकली.
अकरा.
वही काढली, उघडली,
कुठल्या रकान्यात ते कळेना, मिटली.

दुपारी पलीकडच्या गावातून सरपंचाला फोन:
"तुमची वाघळं आमच्या शाळंवर आल्यात.
घेऊन जावा."
पारावरची माणसं हसली.
मीही हसले, मग
शाळेच्या पटावर किती पोरं असतील
ते मोजत बसले.

घरी आले तर मुलीच्या हातात पेरू.
एका बाजूला खड्डा, कडेला बारीक दात.
पाखराचा असेल, तिचाच असेल,
विचारलं नाही.
हिसकावला आणि चुलीत टाकला,
तिला साबणानं कोपरापर्यंत धुतलं,
दोनदा, ती रडेपर्यंत.
साल तडकली.
सगळ्या घरात पिकल्या पेरूचा वास,
इतका गोड की मला आत्या आठवली
आणि आत्याचा राग आला.

तिन्हीसांजेला नदीवर गेले.
बावीस परतली होती,
मधल्या सादड्याच्या शेंड्याला, अंग चोरून.
बरं वाटलं की पोटात गोळा आला
ते नीट ठरायच्या आत
अंधार पडला
आणि ती उडाली,
एकेक करून,
पेरूच्या बागांकडे.