उसवण

तिसऱ्या खेपेला हेल्यू बर्फावरून आली.
किह्नू बेटापासून किनाऱ्यापर्यंत समुद्र गोठलेला.
त्या रस्त्यावर मोटारीत पट्टा लावायचा नसतो,
बर्फ खचलाच तर
सुटता आलं पाहिजे.

मी तिची उंची मोजली, वजन घेतलं,
अंगाचं क्षेत्रफळ काढलं :
पावणेदोन चौरस मीटरला जरा कमी.
ती हसली. "लोकर किती लागेल
तेही आम्ही असंच काढतो."

थेंब सुरू झाले.
दिसायला पाणीच,
पण मूळचं कुठल्या दूरच्या झाडाच्या सालीतलं.
"आत जाऊन हे करतं काय?"
मला शिकवलं होतं तसं मी सांगितलं :
पेशी दुभंगताना आत दोरे उभारते,
दोन टोकांना ताणून धरते,
वारसा निम्मा इकडे, निम्मा तिकडे ओढून घेते,
आणि दोरे पुन्हा मोडून टाकते.
"आणि हे ते दोरे तोडतं."
नाही हो. घट्ट करतं.
इतके, की मोडता येत नाहीत.
पेशी अडकते. स्वतःच्याच दोऱ्यांत.

हेल्यूच्या सुया थांबल्या.
"बासष्ट वर्षं विणतेय," ती म्हणाली,
"उसवता येत नसेल
तर विणणं संपलंच की."
आमच्या प्राध्यापकांना एवढं सांगायला
दोन तास लागले होते.

मग तिनं तळहात उलटे केले.
"आणि ही? ही का मेल्यागत?"
नसांमध्येही तेच दोरे असतात,
मणक्यापासून बोटांच्या टोकापर्यंत
माल वाहणारे. औषधाला
आपलं-परकं कळत नाही.
पुढच्या वेळी डॉक्टर मात्रा कमी करतील,
एवढंच मी म्हणू शकले.

नातवाचा निळा-पांढरा स्वेटर मांडीवर होता,
काठाला लाल रेघ, दृष्ट लागू नये म्हणून.
चार ओळी खाली एक टाका गळलेला.
बोटांना कळला नव्हता,
चष्म्याला दिसला.
तिनं सुई काढून घेतली, धागा ओढला,
आणि ओळी एकेक करून
सुटत गेल्या. सहज.
मी बाटलीकडे बघत राहिले.

तीन तासांनी मुलगा न्यायला आला.
खिडकीतून दिसली :
मोटारीत बसून पट्टा लावून बघतेय,
आणि बर्फ यायच्या आधीच
खटका दाबायचा सराव करतेय.
अंगठ्यानं नाही जमलं.
मग कोपरानं.