खिशासकट वजन

बालवाडीत नाव घालायला काय काय लागतं,
ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलंय:
लसीचं पुस्तक, जंतांचं औषध दिल्याची सही,
उंची, वजन, दात मोजून.
आणि त्याखाली, ठळक, माझ्यासाठी:
दूध दोनशे मिली, भाजी शंभर ग्रॅम,
फळ रोज. मासा बुधवारी.

मासा!
इथून समुद्र म्हणजे
उंटाच्या पावलांनी महिनाभराची वाट.
मी डबा फोडते.
मुलं नाकं मुरडून माझ्याकडे बघतात,
जणू तो मासा मीच मारलाय.
सफरचंदं उलानबातरहून ट्रकच्या पाठीवर येतात
आणि उणे पस्तिसात गोटे होऊन उतरतात.
गार पाण्याच्या बादलीत सोडली
की वर बर्फाचं साल धरतं,
आत तपकिरी, मऊ, थोडी रडवेली.
तक्त्यात मी लिहिते: फळ दिलं.
खोटं नाही ते.
पण लिहिताना पेन जरा अडतं.

नोव्हेंबरपासून ऊन नुसतं दिसतं, लागत नाही.
म्हणून नर्स ओयुंगेरेल सकाळी
ड जीवनसत्त्वाची बाटली घेऊन बाकाशी उभी राहते,
एकवीस तोंडं एकदम उघडतात,
थेंब, थेंब, पुढचा.
बाविसावं मिटलेलं.

होसबायार. चार वर्षांचा.
साठ किलोमीटरवरच्या नमद्याच्या तंबूतून आलाय,
इथे मावशीकडे राहतो.
बारा किलो चारशे.
तक्त्यावरचा त्याचा ठिपका
लाल पट्ट्याच्या काठावर पाय सोडून बसलेला.

गाजराच्या चांदण्या कापून पाहिल्या.
खीर पाहिली. वाटाणे त्याने एकेक करून
शेजारणीच्या ताटात पाहुणे पाठवले.
दुधाच्या चहाचा एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली.
मीठ नव्हतं ना त्यात.
मीठ कमी, हेही दारावर लिहिलंय.

मग एका गुरुवारी
मी मेंढीच्या तंगडीवरून मांस सोडवत होते.
पाच वर्षांखालच्यांना हाड द्यायचं नाही,
नियम बरोबर आहे, घशात अडकतं.
तो दारात येऊन उभा राहिला
आणि मी बाजूला टाकलेल्या हाडाकडे बोट दाखवून
महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला:
"त्याला अजून मांस आहे."

एकोणीस वर्षं मी या सुरीवर जेवण करते.
कान तापले माझे.

दिलं हाड. समोर स्टुलावर बसून राहिले,
डोळ्याची पापणी न लववता.
तो टेबलाखाली मांडी घालून,
म्हाताऱ्यासारखा, फिरवून फिरवून,
शिरेपासून शीर सोडवत गेला.
कुणीतरी त्याला हे शिकवलंय, पुष्कळ संध्याकाळी बसून.
आमच्याकडे मुलाचं वळण हाडावरून ओळखतात,
किती पांढरं उरलं त्यावरून.
त्याचं हाड धुवावं लागलं नाही.

घोट्याचं हाडूक त्याने मागून घेतलं, खिशात घातलं.
चार बाजू: घोडा, उंट, मेंढी, बकरी.
त्यानंतर रस्सा गेला, रश्श्यातून गाजर गेलं,
थेंबालाही तोंड उघडलं, एक डोळा मिटून.
हाडाचा रकाना तक्त्यात नाही.
मी कुठेही लिहिलं नाही. तुम्हीही बोलू नका.

महिनाअखेरीस काटा आला.
बारा किलो नऊशे.
"खिसे रिकामे कर," ओयुंगेरेल म्हणाली.
त्याने हाडूक काढलं, मुठीत धरलं.
"मूठ पण."
ते माझ्या हातावर आलं, कोमट.
आकडा वीस ग्रॅमने खाली घसरला.

मी म्हटलं, ते धरून लिही.
ती म्हणाली, डुलामसुरेन, नियम.
मी म्हटलं, तेही त्याच्याच अंगाला लागलंय.
तिचं पेन कागदाच्या वर थांबलं.

होसबायार उतरला, हाडूक परत घेतलं,
फरशीवर टाकलं.
घोडा.

तिने आकडा लिहिला.
कुठला, ते मी वाकून पाहिलं नाही.
बुधवार होता, डबा फोडायचा होता.