मनगटावर घासून बघ

दार लाव आधी.
फेब्रुवारीतला अल्बरासिनचा वारा एकदा आत आला
की उधारी वसूल करायला आल्यासारखा बसून राहतो.

हं. ब्रश.
तुझे हात बघूनच कळलं,
कणीक मळता मळता उठून आल्यासारखे पांढरे,
आणि बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या.
तुम्ही सगळे असेच येता पाइनच्या जंगलातून,
पाठीवर गाद्या बांधून, बिऱ्हाड हलवल्यासारखे,
आणि विचारता: कडक आहे का काही?

आहे ना. कडक पुष्कळ आहे.
हा शेगडीचा. हा घोड्याच्या खुरांचा.
हा प्लास्टिकच्या केसांचा, मोरी घासायचा, स्वस्त,
पण उन्हात राहिला तर वाकडा होतो,
आणि वाकडा ब्रश खोबणीत शिरत नाही,
नुसता कडेकडेने फिरतो, लांबच्या पाहुण्यासारखा.
बारीक चिरेत जुना टूथब्रशही चालतो,
त्याला मला कशाला पैसे देतोस.

आणि हा तारेचा.
नाही, त्याला हात लावू नकोस. तो विकायला नाही.
एकदा विकला होता. परत आलाय.

सायोआ नावाची मुलगी, बास्कांकडची.
तीन हिवाळे एकाच दगडापाशी.
दगड तरी केवढा? माझ्या या दुकानाएवढा.
त्यावर एक पकड, म्हणायची, मसुराच्या दाण्याएवढी,
डाव्या हाताची दोन बोटं, तीही अर्धी अर्धी.
आधीच्यांची भुकटी न् घाम बसून बसून
ती जागा साबणाच्या चिपेसारखी झालेली.
तिने हा मागितला. मी दिला.
मी तेव्हा चार युरो बघितले.

आठव्या दिवशी आली.
काउंटरवर ब्रश ठेवला. तारांत तांबडी वाळू.
"पोचले वर," म्हणाली.
मग तोंड असं का गं?
"बोटं पुरती मावली, एर्मिनिया. दोन्ही."
पैसे तिने मागितले नाहीत.
मी देऊ केले नाहीत, ते अजून टोचतं.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात लोक.
आमचा दगड तांबडा आहे, बाबा.
वरची साय तेवढी घट्ट, खाली नुसती वाळू.
माझा बाप कुंपणांसाठी हाच दगड फोडायचा.
जन्मात समुद्र न बघितलेला माणूस,
रोज संध्याकाळी उंबऱ्यावर
बुटांतून किनारा ओतायचा.

हात पुढे कर. तळवा नको, तो निबर झालाय तुझा.
मनगट. बाळाच्या दुधाचा थेंब टाकून बघतात, तिथे.
हे रानडुकराचे केस, बीचच्या लाकडात बसवलेले.
ऑक्टोबरात माझे बटाटे उकरणाऱ्या जातीचा
एवढाच एक उपकार.
घास. लाल झालं? नाही ना.
टोचलं? थोडं, मांजराच्या जिभेसारखं.
तेवढंच टोचायला पाहिजे.

अकरा युरो. महाग आहे, माहीत आहे मला.
ओला ठेवलास तर कुजेल,
आणि नाही ठेवलास तरी दोन हिवाळ्यांत टक्कल पडेल.
दोघांतलं एक झिजणारच.
त्यातलं एकच माझ्याकडे पुन्हा मिळतं.

आणि हो, चढण्याआधी सगळेच घासतात.
सायोआ अजून येते, पण संध्याकाळी,
तुम्ही गाद्या गुंडाळून गेल्यावर.
कपाळावर दिवा लावून
तुमची भुकटी झाडत फिरते दगडादगडावरून.
त्या एका दगडाकडे जात नाही.
का ते मी विचारलेलं नाही.

सुटे नसतील तर राहू दे, उद्या दे.
दार ओढून घे जाताना.
जोरात नको.