हिलाल बिन उखर्डू

हेमांगी बोरसे, अकरावी, कला शाखा,
तू आलीस तेव्हा मला वाटलं सातबाऱ्याचं काम.
एरंडोलच्या कचेरीबाहेर, लिंबाखालच्या टेबलाशी
लोक भावाविरुद्धचा कागद घेऊन येतात.
मी मोडी वाचते, पानाला साठ रुपये.
वाचताना वर बघत नाही;
वाटणी ऐकणाऱ्याचा चेहरा बघू नये.

तू विचारलंस,
"शब्द कुठून येतात, ते कुठे वाचायला मिळेल?"
असा अर्ज माझ्याकडे पहिलाच.

तर घे.

वाचनालयात मागच्या कपाटात जाडा शब्दकोश आहे.
त्याचा तिसरा खंड नाही.
ब्याऐंशी साली कुणी नेला, कार्डावरचं नाव पुसट.
म्हणून 'त' पासून 'न' पर्यंतचे शब्द
मला माणसांना विचारावे लागले.
दावं गुराख्याला, नथ सोनाराला.
तिफण का म्हणतात, तर सुतार हसला:
"ताई, फण मोजा ना."
मोजले. तीन.
त्या खंडचोराचे माझ्यावर उपकार आहेत.

संस्कृत शिक, पण गुणांसाठी नको.
प्राकृत इथे कुणी शिकवत नाही,
ती केळीच्या ट्रकमागे उभी असते:
कदली, कयली, केळ.
मधला 'द' कुणी खाल्ला हे हमालांना विचारू नकोस.
त्यांच्याच आधीच्यांनी खाल्ला,
असाच, ओझं पाठीवर असताना.

सुरतेच्या गाडीत पुढच्या बाकावर बस.
कंडक्टरचं 'छे' कानात धर,
मग तुझ्या आईचं 'शे'.
निबंधात बाईंनी लाल शाईनं कापलेलं तेच 'शे'
बंगालीतल्या 'आछे'च्या नात्यातलं,
असं म्हणतात.
'असं म्हणतात' हे वहीत दरवेळी लिही.
माझ्या धंद्यात एका चुकल्या अक्षरानं
वावर दुसऱ्याच्या नावावर जातं.

चोपड्याकडून कापूस वेचायला आलेली
पावरी बोलणारी कुणी भेटली
तर वही आधी काढायची नाही.
चहा आधी.

मोडी मी शिकवीन.
पहिला महिना नुसती रेघ.
आधी रेघ ओढायची पानभर,
मग अक्षरं तिला टांगायची, हात न उचलता.
ऱ्हस्वदीर्घाची काळजी नको,
ती लिहिणाऱ्यांनाही नव्हती.

आणि हा बघ, तुझ्याच गावचा कागद, तुझंच आडनाव.
*हिलाल बिन उखर्डू.*
तुझा पणजोबा. तुझ्या वडिलांना त्याचंच नाव ठेवलं.
हिलाल, अरबी. बीजेची कोर.
बिन, अरबी. मुलगा.
उखर्डू म्हणजे उकिरडा, प्राकृतात उक्कुरुडी.
आधीची पोरं जगली नाहीत
म्हणून याला उकिरड्यावर लोळवला,
मरणाला किळस यावी.
आली. तो जगला.
आणि त्यानं आपल्या मुलाचं नाव चंद्र ठेवलं,
अरबीचं एक अक्षर न येता.
कुणाच्या तोंडून ऐकलं असेल?
बाजारातला अत्तरवाला? बुरहानपूरचा कुणी व्यापारी?
की शेजारच्या घरातली आई
लेकराला बोट दाखवून हाक मारत होती,
आणि हा कुंपणाअलीकडे उभा होता, वैरण घेऊन?
याची नोंद फेरफारात नाही.

तू बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होतीस.
शाई फुटेल म्हणून मी ओरडणार होते.
मग म्हणालीस, "आणि बोरसे?"

मी पाठीमागे कोऱ्या कागदावर लिहिलं,
*बोरसे. व्युत्पत्ती माहीत नाही.*
खाली तारीख घातली, सही केली.
तू साठ रुपये काढलेस. मी घेतले.

चपलेत पाय घालता घालता वळलीस:
"ताई, आणि 'माहीत' कुठून?"

'म' चा खंड जागेवर आहे.
वाचनालय उद्या अकराला उघडतं.